मागच्या प्लॉटातली बाई

कॉलनीच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ जयराजनं उघडला तेव्हा तो कारखान्याच्या स्टोअरच्या काउंटरशी उभा होता आणि समोर टेम्पोचा ड्रायव्हर चलनावर सही मागत होता. ग्रुप सकाळपासून टुणटुणत होता, पण त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. हिरवाई कॉलनीचा ग्रुप सकाळी टुणटुणतोच. कुणाचं मांजर हरवलेलं असतं, कुणाकडं डिंकाचे लाडू विकायला असतात, कुणी उगवत्या सूर्याचा फोटो टाकलेला असतो. या वेळी पडद्यावर मोकळा प्लॉट होता, गुडघ्याएवढं गवत होतं आणि गवतात पाठमोरी बसलेली एक बाई. चेहरा दिसायच्या आधीच त्याला कळलं. एक गुडघा उभा, एक दुमडलेला, डाव्या हातानं पदराचा ओटा धरलेला आणि उजवा हात गवतात असा फिरणारा, की जणू काही शोधत नाही, नुसता कुणाच्या तरी डोक्यावरून फिरतोय. मग कॉलनीतल्या पुष्करचा आवाज आला. तोच मऊ, शिकलेला, नम्र आवाज, ज्यानं तो रोज सकाळी "गुड मॉर्निंग दादा" म्हणतो. "आजी, काय घेताय? कुठून आलात?" बाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. वळली. सरळ फोनकडं बघितलं. "पल्याडनं." "इथं कुणाकडं कामाला आहात का?" "न्हाई." "मग? हे प्रायव्हेट आहे ना सगळं." बाईनं ओट्याची गाठ मारली. "जाती मी," म्हणाली, आणि गेली. ती गेलेली वाट काही क्षण तशीच दिसत राहिली. खाली पुष्करनं लिहिलं होतं : मागच्या प्लॉटमध्ये अनोळखी महिला. विचारल्यावर नीट उत्तर दिलं नाही. परवाची केबलचोरी लक्षात घेता सगळ्यांनी सावध राहावं.

"साहेब, सही," ड्रायव्हर म्हणाला. जयराजनं सही केली. स्वतःचंच नाव त्याला वेडंवाकडं दिसलं. काउंटरवर ओतीव लोखंडाचे पंपाचे भाग मांडलेले होते, त्यांना लागलेल्या ग्रीसचा वास रोजचाच, पण आत्ता तो घशापर्यंत चढला. त्यानं फोन पालथा ठेवला, पुन्हा सुलटा केला. खाली उत्तरं येतच होती. वॉचमनला पगार कशाचा देतो आपण? अशा बायका आधी टेहळणी करून जातात. चेहरा स्पष्ट आलाय, सेव्ह करून ठेवा. एका ताईंनी हात जोडल्याचं चित्र टाकून पुष्करचे आभार मानले होते. त्या ताईंच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा जयराजची बायको राजेश्वरी रोज डबा घेऊन गेली होती, आणि त्या डब्यात ज्या भाज्या गेल्या त्या याच प्लॉटातल्या होत्या. घोळ, तांदळी, पाथरी. हरणाबाईनं निवडून, निथळून, फडक्यात बांधून ओढ्यापलीकडून पाठवलेल्या. "काय गोड भाजी होती हो," असं त्या ताई म्हणाल्या होत्या.

ती माझी आई आहे. चार शब्द. त्यानं टाइप केले आणि बघत राहिला. शब्द फार बारके दिसत होते. कसलं तरी गाऱ्हाणं घेऊन दारात उभं राहिल्यासारखे. त्यानं ते पुसले. मग लिहिलं, लाज वाटत नाही का तुम्हाला. हे तर भाजीबाजारातलं भांडण झालं. पुसलं. मग एक लांबलचक काहीतरी लिहायला घेतलं, ज्या जमिनीवर तुम्ही राहता ती, आणि मधेच थांबला, कारण ते वाक्य एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणासारखं वळायला लागलं होतं. त्याला एक असं वाक्य हवं होतं, की वाचताना समोरच्याच्या हातातला चहाचा कप सांडावा. ते येत नव्हतं. जे येत होतं ते एकतर विनवणीचं होतं, नाहीतर शिवीगाळीचं. आणि त्याहून आत, जिथं तो स्वतः फारसं बघत नसे, तिथं दुसरंच काही टोचत होतं. तिनं नाव का सांगितलं नाही? 'माझा ल्योक हितंच ऱ्हातो, त्या बंगल्यात,' एवढं म्हणाली असती तर पुष्कर ओशाळून तिला घरापर्यंत पोचवायला आला असता. ती 'पल्याडनं' म्हणाली. कुणासाठी? त्याच्यासाठीच. ओट्यात गवतातली भाजी घेतलेली बाई जयराजची आई म्हणून ओळखली जाऊ नये, म्हणून. हे उत्तर त्याला लगेच सापडलं आणि सापडताक्षणी त्या उत्तरानं त्याला इतकं चिरडलं, की तो उरलेला सगळा दिवस त्याच एका जखमेवर बोट ठेवून बसला. आईनं आपल्यासाठी स्वतःला अनोळखी करून घेतलं. कॉलनीतल्या सत्तर घरांनी तिला हे करायला लावलं. त्याचा राग मोठा होत गेला, आणि मोठा होताना त्याला तो खूप न्याय्य वाटला.

राजेश्वरीचा फोन आला. "अहो, बघितलं का?"

"बघितलं."

"लगेच काही लिहू नका. रागात लिहाल आणि मग उद्या एकमेकांची तोंडं बघायची पंचाईत. मी पुष्करच्या मयूरीला हळूच सांगते."

"हळूच?" तो म्हणाला. "हळूच कशाला? आपण काय चोरलंय?"

"तसं नव्हे हो. त्या पोरांना माहीत नव्हतं. आठ महिने नाही झाले येऊन. आई कधी पुढच्या दारानं येतात का? ओढ्याकडनं येतात, तशाच जातात."

ते खरं होतं. म्हणूनच त्याला त्याचा जास्त राग आला. कॉलनी उठायच्या आत हरणाबाई ओढा ओलांडून यायची, मोकळ्या प्लॉटांतून फिरायची, हवं ते खुडायची आणि आल्या वाटेनं परत जायची. लेकाच्या घरात पाय ठेवायची ते दिवाळीला, नाहीतर अपूर्वाच्या, नातीच्या, वाढदिवसाला. "सिमिटाच्या घरात मला झोप येत न्हाई," म्हणायची. गावठाणातल्या आपल्या दोन खोल्या आणि पुढचा पत्रा सोडून ती कुठंही राहायला तयार नव्हती. कोरेगावकडं माहेरीसुद्धा एक रात्र झाली की तिला परत यायचं असायचं. त्यानं कधी फार आग्रह केला नव्हता. कॉलनी त्याला आवडत होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नसतं, पण आवडत होती. सांगली एवढी जवळ, तरी शहराची गडबड नाही. पहाटे पावाच्या सायकलीचा भोंगा, मग चालायला निघालेल्यांच्या गप्पा, कुठल्यातरी गच्चीवर पेटी, दुपारी अशी शांतता की वाळत घातलेली चादर वाऱ्यावर फडफडली तरी ऐकू यावी, आणि संध्याकाळी पोरं, बॅडमिंटन, मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर कागदावर ओतलेलं भडंग. नुकत्याच गेलेल्या गणपतीत त्यानं पाचही दिवस आरतीचं ताट धरलं होतं. तिथं त्याला सगळे 'जयराजराव' म्हणत. कुणीतरी एकदा विचारलं होतं, "तुम्ही मूळचे कुठले?" आणि तो म्हणाला होता, "इथलेच." त्यावर तो माणूस हसून म्हणाला होता, "तसे आता आम्हीपण इथलेच."

इथलेच. गोडाऊनच्या मागं जाऊन तो रॅकच्या मधल्या बोळात उभा राहिला. जिथं आता बॅडमिंटनचं कोर्ट आहे तिथं खळं होतं. पुष्करच्या बंगल्याच्या जागी इंजिनाची खोप होती, आणि तिच्या पत्र्यावर दुपारी पाय ठेवला की तळवा भाजायचा. वडील, सयाजीराव, पलटणीतून सुटून आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ते रान सपाट केलं होतं. हरणाबाई त्यांच्या मागं मागं दगड वेचत फिरली होती. ते दगड रचून झालेला बांध जयराज लहान असताना त्याच्या छातीएवढा होता. ऊस उंच झाला की आत शिरलेली आई दिसायची नाही, नुसती पानांची सळसळ सरकताना दिसायची आणि तो सळसळीमागं पळायचा. वडील गेले. थोरला शंभूराज फौजेत, लांब. त्यानं फोनवर सांगितलं, "गड्या, कसणार कोण? इकून टाकूया." कुणी फसवलं नव्हतं, कुणी दडपलं नव्हतं. उलट सगळं इतकं सरळ झालं, की त्याबद्दल चिडायलाही जागा राहिली नव्हती. सहीच्या दिवशी हरणाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. सही करून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं होतं, "बांधावरची भाजी तरी ऱ्हाईल न्हवं?" आणि खोलीतले सगळे प्रेमानं हसले होते, बिल्डर, वकील, शंभूराज. जयराजही हसला होता. बिल्डर म्हणाला होता, "आजी, सगळं तुमचंच आहे." तेव्हा ते वाक्य किती चांगलं वाटलं होतं. आत्ता, रॅकच्या बोळात उभं असताना, तो बिल्डर समोर असता तर जयराजनं त्याची गचांडी धरली असती. मग शंभूराजची. मग त्या वकिलाची, ज्याचा चेहराही आता आठवत नव्हता.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं फोन पाहिला तर व्हिडिओ गेला होता. त्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढं राहिलं होतं, आणि खाली पुष्करचं : गैरसमज झाला होता, क्षमस्व. कुणीतरी विचारलं, काय झालं? पुष्करनं लिहिलं, काही नाही, ओळखीच्या निघाल्या. त्यावर हसरे चेहरे आले. मग एकानं कांदे स्वस्त मिळण्याचं ठिकाण टाकलं, आणि ग्रुप पुढं गेला. जयराजला वाटलं, व्हिडिओ होता ते बरं होतं. त्यात ती दिसत तरी होती. आता तिला पुसूनही टाकलं, आणि 'ओळखीच्या' म्हणून. कुणाच्या ओळखीच्या? कशा? हळूच सांगितलं, हळूच पुसलं. स्टोअरमधल्या मदतनिसानं काही विचारलं तेव्हा तो त्याच्यावर खेकसला, आणि तो बिचारा गोंधळून बाजूला झाला. संध्याकाळी गाडीवरून परत येताना माधवनगरच्या फाट्याला एका रिक्षानं कट मारला, तर त्यानं रिक्षाचा पार पुढच्या सिग्नलपर्यंत पाठलाग केला. रिक्षावाला म्हातारा निघाला. "काय झालं, सायब?" त्यानं विचारलं. जयराजला काही सांगता आलं नाही. सिग्नल सुटला तरी तो तिथंच उभा राहिला, आणि मागचे भोंगे वाजवायला लागले.

कॉलनीच्या कमानीतून आत शिरताना उजवीकडं ओढ्याकडं जाणारी पायवाट लागते. पलीकडं गावठाणातले दिवे लागलेले होते. तिकडं वळायचं त्याच्या मनात आलं. पण आधी कट्टा. आधी तिथं जाऊन बोलायचं, मग आईकडं जायचं आणि सांगायचं, की बोलून आलो. रिकाम्या हातानं कसं जायचं? त्यानं गाडी सरळ देवळापाशी नेली.

शनिवार असल्यानं कट्टा भरला होता. शेंगदाणे आणि लसणाचा खमंग वास येत होता, पोरं कोर्टवर ओरडत होती. कॉलनीचे अध्यक्ष गंगाधरराव, बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्यांशी गोड, त्यांनी सरकून जागा केली. "या, या जयराजराव. झालं ते झालं. घ्या, भडंग घ्या."

पुष्कर उठून उभा राहिला. त्याचा चेहरा खरोखर पडलेला होता. "दादा, सॉरी. मनापासून सॉरी. मला माहीतच नव्हतं हो, तुमच्या आई आहेत ते."

"आणि नसती माझी आई, तर?"

हे वाक्य त्यानं ठरवलेलं नव्हतं. दिवसभर शोधत होता ते हेच होतं की काय, असं त्याला वाटलं, कारण कट्टा गप्प झाला.

"म्हणजे?" पुष्कर म्हणाला.

"म्हणजे दुसऱ्या कुणाची असती. मग तो व्हिडिओ तसाच ठेवायचा होता?"

"तसं नाही हो," गंगाधरराव म्हणाले. "सुरक्षेचा प्रश्न आहे ना. त्याचं आपण काहीतरी करू. असं करू या का, आईंचा एक चांगला फोटो ग्रुपवर टाकू, वॉचमनकडंही देऊन ठेवू. म्हणजे पुन्हा त्यांना कुणी अडवणार नाही. काय?"

आणि हा माणूस वाईट नव्हता. तो खरंच मदत करायला बघत होता. भोवतीच्या माना हलल्या, हो, हे बरं होईल. जयराजनं पुढ्यातला भडंगाचा कागद बाजूला सारला.

"फोटो? पास काढायचा तिचा? तुम्ही जिथं बसलाय ना, तिथनं ते कोर्टापर्यंत आमचं खळं होतं. तिनं सारवलेलं. तुमच्या पायाखालचे दगड तिनं वेचलेत. तिला वॉचमन ओळखणार फोटो बघून?"

"अय्या, खरंच?" कडेला बसलेल्या ताई म्हणाल्या, त्याच, हात जोडलेलं चित्र टाकणाऱ्या. "इथं खळं होतं? किती छान! सांगा ना हो अजून. पोरांनाही बोलवू या, त्यांना कुठं माहीत असतं हे सगळं."

त्यांचे डोळे खरोखर चमकत होते. जयराज त्यांच्याकडं बघत राहिला. त्याला जाणवलं, की तो जितका बोलेल तितकं हे सगळं त्यांना आवडत जाईल. त्याचं खळं, त्याची आई, वेचलेले दगड, सगळं भडंगाबरोबर चांगलं लागेल. पुढच्या गणपतीत कुणीतरी म्हणेल, आजींना बोलवून जुन्या आठवणी ऐकू या. त्याचा आवाज खाली आला. "ग्रुपवर ज्यांनी लिहिलं टेहळणी करते म्हणून, चेहरा सेव्ह करा म्हणून, त्यांनी ते तिथंच मागं घ्यायचं. स्वतःच्या नावानं. एवढंच."

एकजण पोराला हाक मारत उठून गेला. दुसऱ्यानं फोन काढून बघितल्यासारखं केलं. "तसं शब्दशः कुणी चोर म्हणालं नव्हतं," कुणीतरी अंधारातून पुटपुटलं. गंगाधरराव म्हणाले, "बघू, बघू, शांतपणे ठरवू." एकटा पुष्कर अजून उभाच होता. "दादा, मी येऊ का उद्या आजींकडं? मी आणि मयूरी. समोर बसून माफी मागतो."

"ये," जयराज म्हणाला. त्याला पुष्करचा रागही धड करता येईना, आणि त्यामुळं सगळा राग बाहेर पडायला जागा न मिळाल्यासारखा आतच राहिला. तरी घरी जाताना त्याला थोडं मोकळं वाटलं. आपण बोललो. तोंडावर बोललो. राजेश्वरीनं ताट वाढलं तेव्हा तिला त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, 'आणि नसती माझी आई, तर' हे दोनदा सांगितलं. अपूर्वा ऐकत होती. ती म्हणाली, "आजीला फोन केलास?"

"तिला काय माहीत असणार हे. उद्या जातोच आहे," तो म्हणाला, आणि भाकरी मोडली.

रविवारी सकाळी जयराज, पुष्कर आणि मयूरी ओढ्याकडून निघाले. पुष्करच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता, मयूरीनं साडी नेसली होती आणि ओढ्यातल्या दगडांवर पाय ठेवताना ती जपून चालत होती. पुष्कर वाईचा, नदीकाठी वाढलेला, त्यामुळं दगडांवरून सहज गेला, मग मागं वळून बायकोला हात दिला. चांगली पोरं होती. जयराज पुढं चालत होता आणि त्याला मनातल्या मनात पुढचं सगळं दिसत होतं. आई म्हणेल, जाऊ दे रं बाबा, लेकरंच हायेत. पेढा मोडून आधी मयूरीच्या हातावर ठेवेल. पुष्कर पाया पडेल. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवेल. ती आयुष्यभर जाऊ दे म्हणत आली होती. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं तेव्हा, भावकीनं बांध सरकवला तेव्हा, सयाजीराव संतापायचे तेव्हा. तिच्या त्या 'जाऊ दे'चीही जयराजला आत्ता चीड आली होती. आपणच तिच्या वतीनं चिडायला हवं, ती चिडणार नाही, असं त्याला वाटत होतं.

हरणाबाई पत्र्याखाली बसली होती. पुढ्यात सुपात पाथरी निवडायला घेतलेली. आज तिनं ती कालव्याच्या कडेनं आणली असावी, मुळांना काळा ओला गाळ होता. तिनं मान वर करून तिघांकडं बघितलं. "या," म्हणाली. "बसा." आत जाऊन चहाचं आधण ठेवून आली. पुन्हा सुपापाशी बसली.

पुष्करनं बॉक्स पुढं केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतःच्याच मांडीवर ठेवला. "आजी, मी परवा... काल, तुम्हाला अडवलं. व्हिडिओ काढला. माझं चुकलं."

"व्हय," हरणाबाई म्हणाली.

ती आणखी काही म्हणेल म्हणून पुष्कर थांबला होता. ती पाथरीचं पान खुडत होती.

"आमच्या विजयमालेनं दावलं मला फोनवर," ती थोड्या वेळानं म्हणाली. विजयमाला म्हणजे शेजारची, भावकीतली सून. "समद्या गावात फिरलं. मी पयल्यांदाच बघितली मला चालताना. लय वाकलीया."

"आजी, तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं ना, जयराजदादांच्या आई म्हणून," मयूरी हलकेच म्हणाली, "तर असं झालंच नसतं."

याचं उत्तर जयराजला माहीत होतं आणि ते कुणापुढं ऐकायची त्याची तयारी नव्हती.

"का सांगू?" हरणाबाईनं सूप बाजूला सारलं. पहिल्यांदाच तिनं पुष्करकडं सरळ बघितलं, त्या व्हिडिओत बघितलं होतं तसंच. "तू उभा हुतास, ती जागा आमच्या धन्यानं नांगारल्याली. मागनं मी दगडं येचल्याली. आन तू मला इचारतूस, कुठनं आला. मला इतका राग आला, इतका राग आला, की वाटलं आता तोंड उघाडलं तर शिवीच यील. म्हणून 'जाती' म्हणलं. न्हाईतर तुला लय वंगाळ ऐकावं लागलं आसतं."

लाज नव्हती. जयराजसाठी लपणं नव्हतं. काल दिवसभर त्यानं जी आई मनात धरून राग राग केला होता, जी लेकाच्या अब्रूसाठी परकी झाली होती, ती नव्हतीच. ही होती. हिचा राग स्वतःचा होता, आणि तो त्याच्या रागापेक्षा जुना आणि धडधाकट होता.

"रान इकलं ते आमीच इकलं," हरणाबाई म्हणाली. "त्येचं काय न्हाई. तुमी पैसं दिऊन घर घेतलंय, सुखानं ऱ्हावा. पर इकलं म्हंजी मी तितं कवा नव्हतेच, आसं हुतंय व्हय?"

पुष्करनं मान हलवली. त्याचे डोळे भरले होते. "नाही, आजी."

"तुजी आई कुठं असती?"

"वाईला. एकटीच. बाबा गेले मागच्या वर्षी."

"तिला फोन करतूस?"

"हो. रोज."

"बरं करतूस." ती उठली, आतून चहा गाळून आणला. पितळेच्या झाकणीवर कपबशा ठेवलेल्या होत्या. सगळ्यांना दिला. मयूरीनं बॉक्स उघडून तिच्यापुढं धरला. "आजी, एक तरी पेढा घ्या ना. आम्हाला बरं वाटेल."

"न्हाई."

"थोडासा."

"पोरी, मला राग हाय अजून. राग आसताना मी ग्वाड खात न्हाई. तुमाला बरं वाटावं म्हणून कसं खाऊ?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. "चहा प्या. निवंल."

"मग आम्ही काय करू, आजी?" पुष्करनं विचारलं. तो खरंच विचारत होता.

"काय करायचं? काय बी नगं. राग गेला की मी सांगीन. न्हाई गेला तर न्हाई सांगायची." तिनं स्वतःचा चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली.

त्यांनी चहा प्यायला. गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला. पुष्करनं वाकून नमस्कार केला. तिनं तो घेतला, पाठीवर हात मात्र ठेवला नाही. ती दोघं निघाली. बंद केलेला बॉक्स पुष्करनं काखेत धरला होता, आणि तो कसा धरावा ते त्याला कळत नव्हतं. जयराजही उठला.

"तू कुठं चाललास?"

"त्यास्नी ओढ्यापतोर सोडून येतो, आई."

"त्यास्नी वाट ठाव हाय. तू बस."

तो उभाच राहिला. त्याला सांगायचं होतं, की मी काल कट्ट्यावर काय काय बोललो, सगळ्यांसमोर कसा बोललो. वाक्य ओठांवर होतं. हरणाबाईनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं, एक पान उचललं, त्याची खालची पिवळी कड खुडून टाकली.

"ते फोनवरचं तू कवा बघितलंस?"

"काल," तो म्हणाला. मग म्हणाला, "सकाळी."

"सकाळी," ती म्हणाली. दुसरं पान उचललं. "कामावं हुतास?"

"व्हय."

"सांजंला घरला आलास न्हवं?"

"आलो. पर आई, मी त्यास्नी..."

"हितनं तुजं घर दिसतंय मला. दिवा लागला की कळतंय." तिनं पान सुपात टाकलं. "सकाळी बघितलंस. आन आज आलास. त्या दोघास्नी संगट घिऊन."

तिनं मान वर केली. तेच डोळे होते, सरळ, न हलणारे. जयराजनं चप्पल काढली आणि तिच्या पुढ्यात खाली बसला.